आधी साक्ष

मबिया दारात येऊन उभी राहिली, की कालाबानू आधी तिला पान लावून द्यायची. चुना, सुपारीचं खांड, वर तंबाखूची चिमूट. पान द्यायला तिची कधीच ना नव्हती. दारात आलेल्याला पान दिलं नाही तर त्याला हाकलून लावल्यासारखंच होतं, आणि तसं वागायची रीत तिच्या सासरी नव्हती. पळून यायच्या आधी, तिकडे आराकानात, त्यांचा स्वतःचा पानमळा होता. इथे टेकडीवरच्या छावणीत पानं विकत आणावी लागत, म्हणून कुणाला पान चुकलं असं मात्र झालं नव्हतं.

मबिया पान गालात सारायची, ओढणीचं टोक डोळ्यांना लावायची आणि रोजचंच बोलायची.

"भाभी, आज तरी माफ म्हण. जायला टेकलाय गं माझा माणूस."

"सुपारी कडक नाही ना लागली?"

"सुपारी चांगलीये."

"मग खा की निवांत."

"अगं, सगळ्या टेकडीनं माफ केलं त्याला! तुझ्या एकटीच्याच तोंडात काय अडकलंय?"

"ते त्यांना विचार. त्यांना ठाऊक आहे," कालाबानू म्हणायची, आणि कोयता घेऊन बांबू फोडायला बसायची. मबिया थोडा वेळ कामट्या चिरताना बघत राहायची आणि पुटपुटत निघून जायची.

ती गेली की सून तस्मिन आतून बोलायची. "अम्मी, तुमच्या पानाच्या आशेनंच येते ती. माफी दिली तर उद्यापासून कुठं जाईल बिचारी?"

"जीभ आवर गं. भात करपतोय."

मबियाचा नवरा इझार मिया, त्याच उतारावर चार झोपड्या खाली, पडून होता. छाती पार पोकळ झाली होती. खोकल्याची उबळ आली की ती वरपर्यंत ऐकू यायची आणि कालाबानूचा कोयता मध्येच थांबायचा. मरणाच्या वाटेवरच्या माणसानं, ज्याचं ज्याचं काही देणं लागतं, ज्याच्याशी वाकडं वागलंय, त्याच्याकडून माफी मागून घ्यायची, आणि समोरच्यानं ती द्यायची, ही त्यांच्यातली जुनी रीत. नाही कुणी म्हणत नाही. इझार मियाला तर माफी मागायला अख्खं गाव होतं. तिकडे फौजेसाठी वेठीला माणसं काढायचं काम त्याच्याकडे होतं. रस्त्याची खडी फोडायला, चौकीचं कुंपण घालायला, डोंगरातून शिधा वाहायला माणूस लागला, की उजाडायच्या आत इझार मिया काठी आपटत दारात उभा. नाही काढली माणसं तर त्याच्याच पाठीचं सालडं निघायचं, हेही खरं. पण ज्याच्या दारात काठी आपटली त्याला ते काय सांगणार? तरीही एकेकानं येऊन, त्याच्या उशाशी बसून, माफ केलं म्हटलं होतं. म्हातारा कादिर, ज्याचा खांदा वेठीत कायमचा निखळला, तोसुद्धा म्हणाला होता.

कालाबानूचं तसं नव्हतं. ज्या वर्षी गावं जळाली, त्या वर्षी इझार मिया तिच्या पानमळ्यात आला होता. वेलांना नव्या कामट्या लावायचं काम चाललं होतं. "चला, चौकीवर मीटिंग आहे, साहेब कार्डांचं बोलणारेत," असं म्हणून तो तिच्या नवऱ्याला आणि थोरल्या मुलाला, फैजुल्लाला, घेऊन गेला. वाटेत आणखीही माणसं घेतली. त्या सगळ्यांतून दिवस मावळायच्या सुमाराला परत आला तो एकटा इझार मिया. चिखलानं भरलेला. वस्तीत शिरला आणि एवढंच ओरडला, "पळा!" त्यानंतर नदी ओलांडली, डोंगर चढले, ही टेकडी आली, इतकी वर्षं गेली. त्या दिवसाबद्दल त्याच्या तोंडातून अवाक्षर निघालं नव्हतं.

आणि त्याच्या गप्प बसण्यातून लोकांनी आपापल्या गोष्टी रचल्या. ते कार्ड घेतलं की माणूस आपल्याच गावात परका ठरायचा, बंगालातून आलेला पाहुणा. त्यामुळे कार्ड घेणाऱ्याकडे कुणी नीट बघत नसे. आता छावणीत पाण्याच्या नळावर भांडण झालं, की एखादी तोंडाळ बाई तस्मिनला म्हणायचीच, "चल गं, कार्डवाल्यांची सून! तुझा सासरा गेला होता ना मीटिंगला?" तस्मिन हंडा आपटून यायची. कालाबानू काही बोलायची नाही. काय बोलणार? तिनं तरी कुठं पाहिलं होतं?

हाच प्रश्न कायद्याच्या माणसांनीही तिला विचारला होता. दूर कुठेतरी जगाच्या कोर्टात खटला चालू होता आणि त्यासाठी ही माणसं छावण्यांतून साक्षी गोळा करत फिरत होती. कालाबानू हौसेनं, धुतलेला बुरखा घालून, टेकडीखालच्या त्यांच्या केंद्रात गेली. सगळं सांगितलं. तिथल्या वकीलबाईंनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "तुम्ही स्वतः डोळ्यांनी पाहिलंत का?"

"नाही."

"मग पाहिलेलं कुणी जिवंत आहे?"

कालाबानूनं मान खाली घातली. जिवंत आहे, पण तो बोलत नाही, असं कोणत्या तोंडानं सांगायचं? परत येताना तिला टेकडी कधी नव्हे इतकी उंच वाटली. त्या दिवशी तिनं ठरवलं: आधी साक्ष, मग माफी.

एके दिवशी दुपारी मौलवीसाब आले, छत्री मिटत. सोबत नजीर मुकादम. टेकडीचं सगळं तो बघायचा, म्हणजे कुणाला बांबू मिळाले आणि कुणाला नाही, ते त्याच्या मर्जीवर.

"कालाबानू," मौलवीसाब मऊ आवाजात म्हणाले, "मेलेल्याच्या मानेवर ओझं ठेवू नये, बाई."

"मेले कुठं ते, मौलवीसाब? चांगले खोकतायत. आणि माझे दोघं मेलेत, त्यांना तर कबरही नाही. त्यांच्या मानेवर किती आहे ते कोण बघतंय?"

मौलवीसाबांनी छत्री या हातातून त्या हातात घेतली. भला माणूस होता. नजीर मात्र पानाची पिंक टाकून म्हणाला, "चाची, उगाच जुनं उकरून काढू नका. छावणीत डोळे फार आहेत. गोऱ्या लोकांकडे कोण जातं, काय बोलतं, सगळं बघतात लोक. आणि खरं सांगू? उकरल्यावर काय निघेल, ते तुम्हाला तरी झेपेल का? चाचा मीटिंगला कशासाठी गेले होते, देव जाणे."

कालाबानूनं कोयता खाली ठेवला. पानाचा डबा जवळ ओढला.

"नजीर, तुझ्या पानात चुना जास्त झाला वाटतं. दुसरं लावून देऊ?"

मुकादम उठला. मौलवीसाब त्याच्यामागून गेले. कालाबानू तिथेच बसून राहिली. आत कुठंतरी तिलाही भीती वाटत होती, अगदी आतल्या आत. नवऱ्यानं खरंच कार्डासाठी हात पुढे केला असेल तर? मग उठली, डोक्यावरून बुरखा घेतला आणि चार झोपड्या उतरून थेट इझार मियाच्या उशाशी गेली. इतक्या दिवसांत ती पहिल्यांदाच तिथे आली होती. मबिया धडपडत उठली, पान शोधायला लागली.

"पान नको. त्यांच्याशी बोलायचंय."

इझार मिया भिंतीला टेकून होता. एके काळी काठी आपटणारा हा आडदांड गडी. आता बरगड्या मोजून घ्याव्या असा झालेला. त्यानं डोळे उघडले.

"आलीस, भाभी? माफ म्हणायला आलीस?"

"नाही. विचारायला आले. केंद्रात जाऊन सांगणार का, ते."

"माझी लेक तिकडे आहे." तो कष्टानं बोलत होता. "नवरा, पोरं, सगळी तिकडेच. मी बोललो आणि त्यांना कळलं तर?"

"नाव झाकून ठेवतात म्हणाल्या वकीलबाई."

"त्यांचं झाकणं त्यांच्यापाशी. तिकडे वाऱ्यालाही कान आहेत."

कालाबानू उकिडवी बसली. तिला राग आला होता, आणि वाईटही वाटत होतं. दोन्ही एकदम. लेकीची काळजी काय असते ते तिला कुणी शिकवायला नको होतं.

"इझारभाई, मी तुम्हाला खोटा धीर देणार नाही. तिला काही होणार नाही, असं मी सांगू शकत नाही. पण आज तुम्ही गप्प आहात, म्हणून ती सुखात आहे का? उद्या तिच्या नवऱ्याच्या दारातही कुणीतरी येईल आणि म्हणेल, चला, मीटिंग आहे. तो साहेब अजून कुठंतरी साहेबच आहे ना? त्याला कुणी काही विचारलंय?"

इझार मियानं डोळे मिटले. मबिया तोंडावर हात धरून उभी होती. कालाबानू उठली आणि आली तशी गेली.

त्यानंतर पाऊस असा लागला, की उघडीप म्हणून नाही. टेकडीवरून लाल पाणी झोपड्यांच्या पायांतून वाहत होतं. सकाळी उठून बघतात तो उतारावरच्या पायऱ्या निम्म्याहून अधिक वाहून गेलेल्या. बांबू उखडले, वाळूची पोती फुटली, आणि इझार मियाच्या झोपडीपासून खाली केंद्रापर्यंत नुसता गुळगुळीत लाल उतार उरला. पोरं त्यावरून घसरगुंडी खेळायला लागली.

आणि नेमकी त्याच सकाळी मबिया आली. पान घ्यायलाही थांबली नाही.

"भाभी, तो केंद्रात जातो म्हणतोय! रात्रभर डोळा नाही लागला त्याचा. पहाटे म्हणाला, मला खाली न्या. पण कसं नेऊ गं? त्याला दोन पावलं टाकवत नाहीत, आणि वाट तर गेली."

"वकीलबाईंनाच वर बोलवू?" आतून ओलिउल्लानं विचारलं. कालाबानूचा धाकटा मुलगा, तस्मिनचा नवरा, आता हाच काय तो कर्ता.

"नको रे बाबा!" मबिया म्हणाली. " ताडपत्रीच्या भिंती, शेजारचा शिंकला तरी कळतं. तिथे चारचौघांत त्याचं तोंड नाही उघडायचं. आणि ती वकीलबाई परवा निघणार, परत कधी येईल कोण जाणे."

ओलिउल्ला मुकादमाकडे जाऊन आला. तोंड पाडून आला. "म्हणतो, बांबू आले की पायऱ्या करू. पाऊस थांबल्यावर."

"पाऊस थांबेपर्यंत इझारभाई थांबतील का?" कालाबानूनं बुरखा कमरेला खोचला. "भिंतीसाठी जपून ठेवलेले बांबू काढ. पहार घे. तस्मिन, फावडं!"

"अम्मी, भिंत गळतीये!"

"गळू दे. भिंत आपलीच आहे."

झालं! तिघं त्या उताराला भिडले. ओलिउल्ला पहारीनं भोकं पाडायचा, कालाबानू बांबूचे खुंट तासून त्यात बसवायची आणि मोगरीनं ठोकायची. मागे आडवा बांबू, त्याच्या मागे फुटक्या पोत्यांतली ओली वाळू भरून दाबायची. पानमळ्याच्या मांडवाला आयुष्यभर खुंट ठोकले होते. हातांना सांगावं लागत नव्हतं. पण तेव्हा अंगात जोर होता. आता मोगरी उचलताना दंडातून कळ जायची, नखांत लाल माती भरली, पाय घसरून गुडघा सोलला. एक पायरी बसते न बसते, तो वरून पाण्याचा लोंढा येऊन निम्मी धुवून न्यायचा. परत ठोका.

चहाच्या टपरीत बसलेली गडीमाणसं मजा बघत होती.

"काय चाललंय, चाची? मुकादमकी घेतली की काय?"

"पायऱ्या करतेय."

"कुणासाठी? इझारसाठी?" एक जण खदखदून हसला. "बघा रे! ज्यानं जन्मभर वेठीला माणसं काढली, त्याच्या वेठीला आता बाया लागल्या!"

सगळे हसले. तस्मिनचा चेहरा लाल झाला. कालाबानूनं मोगरी खाली टेकवली, कपाळावरचा चिखल मनगटानं पुसला.

"वेठ बळजबरीची असते, बाळ. हे मी माझ्या मर्जीनं करतेय. तू चहा पी, गार होतोय."

पुन्हा हशा झाला, पण आता त्या हसणाऱ्यावर. थोड्या वेळानं म्हातारा कादिर, तो निखळलेल्या खांद्याचा, एका हातात घमेलं धरून खाली आला आणि वाळू भरायला लागला. दिवसभर एका हातानं भरत राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पायऱ्या उभ्या होत्या. वाकड्यातिकड्या, पण उभ्या. ओलिउल्लानं प्लास्टिकच्या खुर्चीला दोन्ही बाजूंनी लांब बांबू बांधले. इझार मियाला मबियानं आंघोळ घातली होती, स्वच्छ लुंगी नेसवली होती, डोक्याला टोपी. त्याला खुर्चीत बसवून छातीभोवती ओढणी बांधली.

"पुढे मी," ओलिउल्ला म्हणाला. "मागे कोण?"

त्यानं इकडेतिकडे पाहिलं. आजूबाजूच्या झोपड्यांच्या दारांत गडी उभे होते. कुणी आभाळाकडे बघितलं, कुणाला आत काहीतरी आठवलं. इझारला उचलायला ना नव्हती. पण कायद्याच्या माणसांकडे जाताना कुणी बघितलं तर? कादिरला एका हातानं बांबू पेलणार नव्हता.

"मागे मी," कालाबानू म्हणाली.

"अम्मी, लोक काय म्हणतील! परका गडी..."

"लोकांचं काल जे म्हणायचं ते म्हणून झालंय. उचल."

तिनं बांबू खांद्यावर घेतले. माणूस वाळला म्हणून काय झालं, ओझं ते ओझंच. उतरताना सगळा भार पुढे ओलिउल्लावर जायचा, आणि मागच्यानं खुर्ची मागे खेचून धरायची, नाहीतर माणूस तोंडावर जायचा. कालाबानू टाचा रोवत, प्रत्येक पायरीवर आधी पाय दाबून बघत उतरत होती. बांबूनं खांदा सोलवटला. खुर्चीतून इझार मिया हळू म्हणाला, "भाभी, मी असली ओझी फार लादली लोकांवर. स्वतः कधी ओझं झालो नव्हतो."

"बोलू नका. छाती राखून ठेवा. खाली लागेल."

केंद्रात पंखा होता, सतरंजी होती, टेबलामागे वकीलबाई आणि शेजारी दुभाषी म्हणून, या लोकांची भाषा बोलणारी एक चाटगावची मुलगी. इझार मियाला सावरायला ओलिउल्लाला आत राहू दिलं, कालाबानूला बाहेर थांबायला सांगितलं. पण इझार मियानं दार धरून ठेवलं.

"ती इथं बसेल. नाहीतर मी बोलणार नाही."

वकीलबाईंनी विचार केला. "ठीक आहे. पण त्यांनी मध्ये एक शब्दही बोलायचा नाही."

कालाबानू कोपऱ्यात बसली. आणि तिनं काय पाहावं! इझार मिया खुर्चीतून धडपडत खाली उतरला, चपला बाजूला सारल्या, जमिनीवर उकिडवा बसला आणि दोन्ही हात जोडून मान खाली घातली. साहेबासमोर जन्मभर तो तसाच बसत आला होता. चाटगावची मुलगी धावली. "चाचा, वर बसा, वर बसा! इथे असं बसायचं नाही!" तिनं आणि ओलिउल्लानं मिळून त्याला परत खुर्चीत बसवलं. त्याला ते नीट बसणं जमेना, तो कडेवर टेकला.

नाव झालं, गाव झालं. मग मुलीनं विचारलं, "तुम्ही कोण, चाचा? कोणत्या समाजाचे?"

इझार मियानं मान खाली घातली आणि सवयीनं म्हणाला, "बंगाली, साहेब."

कालाबानू ताडकन उठली. "काय म्हणालास? रोहिंग्या म्हण!"

"बाई!" वकीलबाईंनी हात वर केला. "मी सांगितलं होतं. त्यांना जे म्हणायचंय तेच लिहायचं. पुन्हा बोललात तर बाहेर जावं लागेल."

कालाबानू खाली बसली. हे काय झालं? एवढा उतार, एवढा चिखल, आणि हे ऐकायला? जिथे जीभ हासडायला कुणी उभं नाही, तिथेही ह्याच्या तोंडातून तोच शब्द! तिला रडू यायला लागलं आणि ती ते दाताखाली दाबून बसली. इझार मियानं तिच्याकडे एकदा पाहिलं. शब्द बदलला नाही. मग सांगायला लागला.

चौकीच्या मागच्या मैदानात सगळ्यांना मानेवर हात ठेवून बसवलं होतं. साहेब आला, शिपाई कार्डांचा गठ्ठा घेऊन आला. एकेकाला उभं करून विचारायचे, तू कोण? बंगाली म्हटलं की एका बाजूला.

"हिचा नवरा पुढच्या रांगेत होता," इझार मिया म्हणाला. त्याला दम लागत होता, मुलगी पाणी पाजत होती. "तो उभा राहिला. म्हणाला, मी रोहिंग्या. साहेब म्हणाला, असं काही नसतं. परत सांग. तो म्हणाला, माझ्या आज्यानं लावलेला पानमळा तिथे समोर दिसतोय, आणि मी कुठून आलो ते तुम्ही मला सांगणार? रोहिंग्या. त्याच्या तोंडावर बंदुकीचा दस्ता मारला. दात पडले. मग त्याला बोलता येईना, तर फैजुल्ला उठला. त्याला कुणी विचारलंही नव्हतं. म्हणाला, माझे बाबा रोहिंग्या, मी रोहिंग्या. दोघांना तिथेच गोळी घातली."

ओलिउल्ला भिंतीकडे तोंड करून उभा होता. कालाबानूनं ओढणी तोंडात कोंबली होती. रडत होती, आणि रडता रडता तिची पाठ ताठ होत चालली होती. माझे ते. दोघंही माझे.

"मग माझी पाळी आली," इझार मिया म्हणाला. "मी बंगाली म्हणालो."

तो बराच वेळ खोकला. मग त्यानं उरलेलं सांगितलं. बंगाली म्हणालेल्यांकडून खड्डा खणून घेतला, मेलेल्यांना त्यात टाकायला लावलं. ओढ्याच्या वळणाला, पानमळ्याच्या खालच्या बांधापाशी. मग त्याच खड्ड्याच्या काठावर खणणाऱ्यांनाही उभं केलं. कार्ड हातात असलेल्यांनाही. त्याला एकट्याला वेगळं काढलं. "म्हणाले, तू वेठीचा माणूस, जा, वस्तीतले उरलेले घेऊन ये. मी गेलो. आणि पळा म्हणालो."

कालाबानूनं डोकं वर केलं. म्हणजे तो त्यांनाच न्यायला आला होता. तिला, ओलिउल्लाला, सगळ्यांना. तिला हे कधी सुचलंच नव्हतं.

त्यानं साहेबाचं नाव सांगितलं. सोबतच्या दोघांची नावं सांगितली. कोण कुठं उभा होता, ते हातानं हवेत दाखवलं. मुलगी विचारत गेली, तो उत्तरं देत गेला, आणि शेवटी आवाज असा बसला की ओठांजवळ कान न्यावा लागत होता. वकीलबाई म्हणाल्या, "पुरे, चाचा. खूप झालं. आणखी काही सांगायचंय?"

इझार मियानं खुर्चीचे दोन्ही हात धरले. अंग मागे ओढून घेतलं आणि खुर्चीत पूर्ण बसला, पाठ टेकून.

"सुरुवातीला जे बोललो ते खोडा. तिथे भीतीनं म्हणालो होतो, इथे सवयीनं. मी रोहिंग्या. माझा बाप रोहिंग्या. लिहा."

"लिहिलं, चाचा," मुलगी म्हणाली. तिचेही डोळे भरले होते.

"वाचून दाखव."

तिनं वाचून दाखवलं. त्यानं मान हलवली.

चढताना ओझं कालाबानूकडे आलं. आता मागच्याच्या खांद्यावर सगळा भार, आणि वरून पुन्हा पावसाची भुरभुर. टपरीपाशी आले, तेव्हा ओलिउल्लाचा पाय सरकला आणि खुर्ची तिरपी झाली. टपरीतून कुणीतरी धावत आलं आणि खुर्ची सावरून धरली. काल खदखदून हसणारा तोच होता. "सरका चाची, मी घेतो," तो म्हणाला.

"एक बाजू घे. एक माझ्याकडे राहू दे."

वर पोचले तेव्हा मबियाच्या दारात गर्दी होती. मौलवीसाब होते, नजीर मुकादम हाताची घडी घालून उभा होता. खुर्ची खाली ठेवली. कालाबानूच्या खांद्यावरून बुरखा फाटला होता, कमरेपासून खाली नुसता चिखल, श्वास घशात मावत नव्हता. इझार मियानं तिच्याकडे पाहिलं. आवाज उरला नव्हता. हात तेवढे जोडले.

कालाबानू त्याच्या पुढ्यात उभी राहिली आणि मोठ्यानं बोलली, खालच्या झोपड्यांपर्यंत जाईल असं.

"इझारभाई, ओलिउल्लाच्या बाबांकडून, फैजुल्लाकडून आणि माझ्याकडून तुम्हाला माफ. मनापासून माफ. आणि सगळ्यांनी ऐका, माझी माणसं कार्ड घ्यायला हात पुढे करून नाही मेली. रोहिंग्या म्हणून मेली. ज्याला शंका असेल त्यानं माझ्या दारात यावं, पान खाऊन जावं आणि तोंडावर विचारावं."

नजीर दुसरीकडे बघायला लागला. मबिया नवऱ्याच्या गुडघ्यावर डोकं ठेवून मोठ्यानं रडत होती, आणि तो तिच्या डोक्यावरून हात फिरवत होता.

मौलवीसाबांनी डोळे पुसले. "शाब्बास, बाई! माफ करण्यासारखं मोठं काही नाही. आता असंच त्या बाकीच्यांनाही माफ करून टाक. मन मोकळं होईल."

"बाकीच्यांना?" कालाबानूनं फाटका बुरखा खांद्यावर ओढून घेतला. "मौलवीसाब, बाकीचे आलेत कुठं मागायला? ह्यांनी तोंड उघडलं, ह्यांना माफ. त्या साहेबाला आधी कोर्टासमोर खुर्चीत बसवा. त्याचं तोंड उघडू दे. मग मला विचारायला या."

एवढं बोलून ती वळली आणि चार झोपड्या चढून आपल्या घरात गेली.